सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांची रचना शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथिनाचा स्फटिक पहिल्यांदा हाती लागला की विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी विचारतो, "आता बीमटाइम, म्हणजे सिंक्रोट्रॉनवर प्रयोगासाठीचा वेळ, कसा मिळवायचा?" त्यापुढचे प्रश्नही बहुतेक ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम पाठ्यपुस्तकातला नाही, साधारण ज्या क्रमाने ते विचारले जातात तोच ठेवला आहे.

सिंक्रोट्रॉन म्हणजे नेमकं काय?

जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवले की वळणावर ते प्रकाश बाहेर टाकतात. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांना दिसला, तो यंत्राची नळी पारदर्शक होती म्हणून. कणभौतिकीच्या लोकांना तो नकोसाच होता, कारण त्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाया जाते. आज त्याच प्रकाशासाठी मुद्दाम यंत्रं बांधली जातात.

आपण ज्याला सिंक्रोट्रॉन म्हणतो ते खरं तर एक साठवण वलय असतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या युरोपीय केंद्राचं, म्हणजे ईएसआरएफचं, वलय ८४४ मीटर परिघाचं आहे. त्यात ६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे साडेतीन लाख फेऱ्या मारतात. वलयाच्या सरळ भागांत अंड्युलेटर बसवलेले असतात. आळीपाळीने उलटसुलट ध्रुव मांडलेल्या चुंबकांच्या या रांगेतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातात, आणि प्रत्येक वळणावरचा प्रकाश पुढच्यात मिसळून अतिशय अरुंद आणि प्रखर असा क्ष-किरणांचा झोत तयार होतो. हा झोत वलयापासून स्पर्शरेषेत निघतो आणि त्याच्या वाटेवर प्रयोगाची खोली असते. ती सगळी वाट म्हणजे बीमलाइन. एकाच वलयाभोवती अशा अनेक बीमलाइन असतात. एकीवर कोणी बॅटरी तपासत असतं, दुसरीवर जीवाश्म, आणि तिसरीवर तुमचं प्रथिन.

आमच्या विभागात क्ष-किरण यंत्र आहे. त्यावर का भागत नाही?

कधी कधी भागतं. मोठा, सुबक स्फटिक असेल आणि रचना सोपी असेल, तर तांब्याच्या अॅनोडवर (इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण जिथून निघतात तो धातूचा भाग) दिवस-दोन दिवसांत पुरेसा डेटा मिळतो. स्फटिक खरंच प्रथिनाचा आहे की मिठाचा, हे पाहायलाही घरचं यंत्र उत्तम. ही तपासणी न करता मिठाचे स्फटिक सिंक्रोट्रॉनवर आणणारे गट दरवर्षी दिसतात, आणि त्या विद्यार्थ्यांचे उतरलेले चेहरे बघवत नाहीत.

पण घरच्या यंत्रात दोन गोष्टी नसतात. पहिली, प्रखरता. २० मायक्रॉनच्या स्फटिकातून काही दिसायचं तर झोतही तेवढाच बारीक आणि तेजस्वी हवा. दुसरी, तरंगलांबी बदलण्याची सोय. तांब्याचा अॅनोड १.५४ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अडकलेला असतो. सिंक्रोट्रॉनवर तरंगलांबी निवडता येते, आणि तिचा उपयोग पुढे फेजच्या प्रश्नात येईल.

जीवशास्त्राचा या यंत्रांशी संबंध कधी आला?

१९७१ साली, हॅम्बुर्गमध्ये. कणभौतिकीसाठी बांधलेल्या यंत्राच्या प्रकाशात कीटकाच्या उडण्याच्या स्नायूचं विवर्तन (नमुन्यातून विखुरलेल्या क्ष-किरणांचा आकृतिबंध, ज्यावरून रचना काढतात) घेतलं गेलं आणि या प्रकाशाची ताकद जीवशास्त्रज्ञांना कळली. त्याच वर्षी प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचं सार्वजनिक भांडार, सुरू झाली. तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. २०२३ च्या सुरुवातीला त्या दोन लाखांच्या पुढे गेल्या, आणि गेल्या काही दशकांतल्या स्फटिकांच्या रचनांपैकी बहुसंख्य सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशातून आल्या आहेत.

त्यातल्या काहींची नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. जॉन वॉकर यांच्या गटाने पेशीतलं ऊर्जेचं चलन बनवणाऱ्या एटीपी सिंथेजचा फिरणारा भाग १९९४ मध्ये दाखवला. त्याचा डेटा इंग्लंडमधल्या डेअर्सबरीच्या वलयावर घेतलेला होता. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं. योनाथ यांचे रायबोसोमचे स्फटिक क्ष-किरणांत पाहता पाहता मरत असत. ते अतिशीत तापमानाला ठेवून किरणं सोडायची, ही वाट त्यांनी १९८० च्या दशकात धरली. आज आपण प्रत्येक स्फटिक सवयीने गोठवतो, त्यामागे ही चिकाटी आहे.

ही यंत्रं कोणाची असतात?

बहुतेक सार्वजनिक पैशातून बांधलेली, आणि म्हणूनच सामायिक. ईएसआरएफ अनेक देशांनी मिळून चालवलेलं आहे. जपानचं स्प्रिंग-८ १,४३६ मीटर परिघाचं, जर्मनीचं पेट्रा-३ त्याहून मोठं, २,३०४ मीटरचं. इंग्लंडमध्ये डायमंड, अमेरिकेत आर्गोन, ब्रुकहेवन, स्टॅनफर्ड आणि बर्कली, स्वीडनमध्ये मॅक्स-४, ब्राझीलमध्ये सिरियस, चीनमध्ये शांघायचं वलय, ऑस्ट्रेलियात मेलबर्नचं, भारतात इंदूरचं इंडस-२.

जॉर्डनमधलं सेसमी मला विशेष जवळचं वाटतं. बर्लिनच्या जुन्या यंत्राचे भाग घेऊन सुरू झालेला हा प्रकल्प २०१७ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या सभासदांच्या यादीत इराण, इस्रायल, पॅलेस्टाइन, पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, सायप्रस, जॉर्डन ही नावं शेजारी शेजारी आहेत. सामायिक यंत्र या शब्दाचा अर्थ याहून चांगला समजावता येणार नाही.

बीमटाइम कसा मिळतो?

प्रस्ताव लिहून. केंद्र ठरावीक काळाने, साधारण वर्षातून दोनदा, प्रस्ताव मागवतं. बाहेरच्या शास्त्रज्ञांची समिती ते वाचून गुण देते आणि वेळ वाटला जातो. वेळ शिफ्टमध्ये मोजतात. बहुतेक ठिकाणी एक शिफ्ट ८ तासांची असते. यंत्र रात्रंदिवस चालतं, त्यामुळे तुमची शिफ्ट पहाटे ३ ला संपणारीही असू शकते.

स्फटिकांच्या बाबतीत अडचण अशी की ते समितीच्या तारखा पाहून येत नाहीत. सहा महिन्यांपूर्वी लिहिलेल्या प्रथिनाचे स्फटिक अजून झालेले नसतात आणि ज्याचा विचारही केला नव्हता त्याचे होऊन बसतात. म्हणून बऱ्याच केंद्रांवर गट-प्रस्तावाची सोय असते. जवळपासच्या पाच-दहा प्रयोगशाळा मिळून एकच प्रस्ताव देतात, वर्ष-दोन वर्षांसाठी शिफ्ट मिळवतात आणि त्या दिवशी ज्याचे स्फटिक तयार असतील त्याला वेळ देतात. नव्या प्रयोगशाळेने एकट्याने झगडण्यापेक्षा अशा एखाद्या गटात शिरावं, हे मी आग्रहाने सांगतो. वेळ तर मिळतोच, शिवाय शेजारच्या अनुभवी माणसाच्या खांद्यावरून पाहायला मिळतं. तातडीच्या कामासाठी जलद प्रवेशाची वेगळी वाटही काही केंद्रं ठेवतात.

प्रस्तावात काय लिहावं?

पहिल्या परिच्छेदात प्रश्न लिहा, प्रथिनाची थोरवी नको. या रचनेतून काय कळेल जे आज माहीत नाही? मग पुरावा द्या: स्फटिकाचं छायाचित्र, घरच्या यंत्रावरचं विवर्तन, आत्तापर्यंतचं रिझोल्यूशन (किती अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील दिसतो ते; आकडा लहान तितकं चांगलं), एकक-कोशाची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान खणाची मापं. सूक्ष्म झोताची बीमलाइन मागत असाल तर स्फटिक किती मायक्रॉनचे आहेत ते सांगा. नमुना रोगजंतूशी संबंधित असेल तर सुरक्षेचा भाग मोघम ठेवू नका, तिथे अडलेला प्रस्ताव विज्ञान कितीही चांगलं असलं तरी अडलेलाच राहतो.

पैसे लागतात का?

निष्कर्ष प्रसिद्ध करणार असाल तर बहुतेक सार्वजनिक केंद्रांवर बीमटाइम विनामूल्य असतो. निष्कर्ष स्वतःपुरते ठेवायचे असतील, उदाहरणार्थ औषध कंपनीला, तर वेळेचं शुल्क भरावं लागतं.

मला भौतिकशास्त्र फारसं येत नाही. चालेल का?

चालेल. प्रत्येक बीमलाइनवर एक शास्त्रज्ञ तुमचा स्थानिक संपर्क असतो. झोत जागेवर आणणं, डिटेक्टर नीट ठेवणं ही त्याची कामं. तुमचं प्रथिन मात्र त्याला माहीत नसतं. ते तुम्ही सांगायचं.

स्फटिक कसा असावा? मोठा चांगला ना?

आकारापेक्षा आतली शिस्त महत्त्वाची. बाहेरून हिऱ्यासारखा दिसणारा स्फटिक ८ अँगस्ट्रॉमवर थांबतो आणि सुईसारखा केविलवाणा स्फटिक २ पर्यंत जातो, हे पुन्हा पुन्हा घडतं. आज १० मायक्रॉनपेक्षा लहान झोत उपलब्ध आहेत, त्यामुळे लहान स्फटिक पाहून निराश होऊ नका. पेशीच्या पटलात बसून बाहेरचे संदेश आत पोहोचवणाऱ्या जी-प्रोटीन जोडलेल्या रिसेप्टरांच्या रचना अशाच इवल्या स्फटिकांतून आल्या. सूक्ष्म झोत नसता तर ब्रायन कोबिल्का यांचं २०१२ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं ते काम फार अवघड झालं असतं.

एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. प्रथिनाचा स्फटिक कोरडा नसतो, त्याचा साधारण निम्मा भाग पाणी असतो. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनचा स्फटिक वाळू न देता, त्याच्याच द्रवात ठेवून किरणं सोडली, तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ ठिपके दिसले. वाळला की तो संपला. लूपमध्ये, म्हणजे स्फटिक उचलायच्या बारीक फाशात, उचलल्यापासून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवेपर्यंतचे सेकंद मोजून वागा.

गोठवताना काय चुकतं?

बहुतेक वेळा बर्फ. पाणी हळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक होतात आणि चित्रावर ३.९, ३.७ आणि ३.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास जाड वर्तुळं उमटतात. म्हणून गोठवण्याआधी ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल किंवा पीईजीसारखं क्रायोप्रोटेक्टंट मिसळतात, म्हणजे पाणी काचेसारखं थिजतं. किती मिसळायचं हे प्रत्येक स्फटिकागणिक वेगळं असतं. आधी स्फटिकाशिवाय नुसता द्रव लूपमध्ये घेऊन गोठवून पाहा. थेंब पारदर्शक राहिला तर प्रमाण बरोबर, पांढरा झाला तर वाढवा. आणि लूप स्फटिकाच्या मापाचाच घ्या, मोठ्या लूपमधला जादा द्रव फक्त पार्श्वभूमी वाढवतो.

नमुने कसे पाठवायचे?

गोठवलेले लूप पकमध्ये, म्हणजे नमुने धरणाऱ्या चपट्या गोल डबीत, बसवतात. सर्वांत प्रचलित पकमध्ये १६ नमुने मावतात. असे ७ पक एका ड्यूअरमध्ये (निर्वात भिंतीच्या थंड भांड्यात), म्हणजे ११२ स्फटिक एका फेरीत. हा ड्यूअर कोरडा असतो: आतलं सच्छिद्र द्रव्य नायट्रोजन शोषून घेतं, सांडायला द्रव उरत नाही आणि आत बरेच दिवस थंडावा टिकतो.

या 'बरेच दिवस'वर विश्वास ठेवून मी एकदा फसलो आहे. विद्यार्थी असताना एक जुना ड्यूअर रात्रभर भरून ठेवला आणि वजन न करता सकाळी पाठवून दिला. त्याची निर्वात भिंत निकामी झाली होती हे तो पोहोचल्यावर कळलं. आत ४० स्फटिक होते, तीन महिन्यांचं काम. तेव्हापासून ड्यूअर भरल्यावर आणि चोवीस तासांनी पुन्हा वजन करतो, आणि फरक जास्त दिसला तर तो पाठवत नाही. तुम्हीही हे करा. सगळे चांगले स्फटिक एकाच फेरीत पाठवू नका, हेही त्याच दिवशी शिकलो.

प्रत्यक्ष जावं लागतं का?

आता बहुधा नाही. यंत्रमानव पकमधून लूप उचलून झोतासमोर लावतो, आणि तुम्ही आपल्या खोलीतून पडद्यावर पाहत प्रयोग चालवता. ईएसआरएफवर तर एक बीमलाइन माणसाशिवाय चालते. स्फटिक शोधणं, मध्यावर आणणं, किती किरणं द्यायची हे ठरवणं, सगळं यंत्रच करतं.

तरीही प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं. स्वतःच्या हाताने स्फटिक लावून पहिलं चित्र उमटताना पाहिल्यावर विवर्तनाचा अर्थ जसा आत उतरतो तसा पडद्यावरून उतरत नाही.

एका स्फटिकाला किती वेळ लागतो?

स्फटिक पूर्ण ३६० अंश फिरवला, दर ०.१ अंशाला एक चित्र घेतलं तर ३,६०० चित्रं होतात. सेकंदाला १०० चित्रं घेणाऱ्या डिटेक्टरवर हे ३६ सेकंदांचं काम आहे. म्हणूनच आधीची तयारी इतकी महत्त्वाची झाली आहे. पूर्वी रात्रभर डेटा घेताना विचार करायला वेळ मिळायचा, आता निर्णय आधीच घेऊन यावे लागतात: कोणता स्फटिक आधी, कोणत्या रिझोल्यूशनला समाधान मानायचं, काय दिसलं तर तरंगलांबी बदलायची. हे कागदावर लिहून आणा.

क्ष-किरणांनी स्फटिक बिघडत नाही का?

बिघडतो, आणि हा प्रश्न लोक जेवढा हलका घेतात तेवढा तो हलका नाही. १०० केल्व्हिनच्या नायट्रोजनच्या झोतात ठेवलेल्या स्फटिकासाठी सुमारे ३० दशलक्ष ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) ही मर्यादा धरतात. प्रयोगांतून ती २००६ मध्ये पुढे आली. त्याआधी रिचर्ड हेंडरसन यांनी २० दशलक्षांचा अंदाज दिला होता. तुलनेसाठी, माणसाच्या संपूर्ण शरीराला ४-५ ग्रेही प्राणघातक ठरू शकतात. प्रखर बीमलाइनवर ही मर्यादा काही सेकंदांत ओलांडता येते.

ठिपके फिके पडण्याच्या कितीतरी आधी रेणूत मोजके बदल झालेले असतात. गंधकाचे डायसल्फाइड बंध तुटतात, प्रथिनातल्या आम्लधर्मी अमिनो आम्लांमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, धातूचे अणू इलेक्ट्रॉन घेऊन बदलतात. धोका असा की चित्रं सुंदर दिसतात आणि नकाशा किरणांनी बदललेल्या प्रथिनाचा असतो. एन्झाइमच्या सक्रिय जागी धातू असेल तर मी कमी मात्रा आणि अनेक स्फटिक हाच मार्ग धरतो. मात्रा मोजण्याची साधनं बीमलाइनवर असतात, ती वापरायचा कंटाळा करू नका.

क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरवर ही अडचण वेगळ्याच रीतीने सुटते. तिथली किरणांची स्पंदं काही फेम्टोसेकंदांची, म्हणजे कल्पनातीत लहान, असल्याने स्फटिक नष्ट होण्याआधीच त्याचं विवर्तन टिपलं जातं. अमेरिकेत २००९ पासून आणि हॅम्बुर्गजवळ २०१७ पासून अशी यंत्रं चालू आहेत, पण तिथला वेळ आणखी दुर्मिळ आहे.

फेजचा प्रश्न म्हणजे काय?

डिटेक्टर प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजतो. रचना परत मांडायला तरंगाची फेजही, म्हणजे त्याचं शिखर नेमकं कुठे येतं तेही, लागते, आणि ती मोजताना हरवते. ओळखीच्या प्रथिनाशी साम्य असेल तर त्याची रचना साचा म्हणून वापरतात. साम्य नसेल तर प्रथिनात मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी सेलेनियमवालं मेथिओनिन घालतात आणि तरंगलांबी सेलेनियमच्या शोषण-कडेवर (जिथे त्याचे अणू क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतात), ०.९८ अँगस्ट्रॉमजवळ आणतात. तिथे सेलेनियमचे अणू वेगळे वागतात आणि त्या फरकातून फेज काढता येते. ही रीत वेन हेंड्रिक्सन यांनी रुजवली. तरंगलांबी हवी तशी फिरवता येत असल्यामुळेच ती जमते.

अल्फाफोल्ड आणि क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर सिंक्रोट्रॉनची गरज उरली का?

अल्फाफोल्ड ही संगणक प्रणाली प्रथिनाच्या रचनेचं भाकित करते; फेजच्या साच्यांसाठी तिची भाकितं आता सर्रास वापरतात. सेलेनियमचे कित्येक प्रयोग त्यामुळे वाचले, आणि याचा आनंदच आहे. मोठ्या संकुलांसाठी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, जो स्फटिकाशिवायच गोठवलेल्या रेणूंची चित्रं घेतो, बऱ्याचदा अधिक सरळ वाट देतो.

पण एक लहानसा रेणू प्रथिनाच्या खळगीत नेमका कसा बसतो, त्याने कोणता पाण्याचा रेणू बाजूला सारला, कोणती पार्श्वशृंखला वळली, हे पाहायचं असेल आणि एक-दोन नव्हे तर शेकडो रेणूंसाठी पाहायचं असेल, तर स्फटिक आणि सिंक्रोट्रॉन यांना आजही तोड नाही. २०२० च्या सुरुवातीला करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर (प्रथिनं कापणाऱ्या त्याच्या एन्झाइमवर) डायमंड इथे हजाराहून अधिक लहान रेणू स्फटिकांत भिजवून तपासले गेले. बाहेर सगळं बंद होत असताना ती बीमलाइन चालू ठेवली गेली, आणि कोणते तुकडे कुठे चिकटतात ते सर्वांसाठी खुलं केलं गेलं. भाकित हा तपासायचा अंदाज आहे, आणि तपासायला मोजमाप लागतं.

स्फटिक होतच नसतील तर?

द्रावणातल्या प्रथिनावर लहान-कोनी विकिरण करता येतं, म्हणजे अगदी लहान कोनात विखुरलेले क्ष-किरण मोजता येतात. मोजके मायक्रोलिटर नमुना पुरतो. अणू दिसत नाहीत, पण रेणूचा आकार, तो एकटा आहे की जोडीने, बंध जुळल्यावर उघडतो की मिटतो, हे कळतं. इथली सर्वांत मोठी चूक बफरची, म्हणजे प्रथिन ज्या द्रवात असतं त्याची, असते. प्रथिनाचा बफर आणि वजाबाकीसाठी घेतलेला बफर तंतोतंत एकच हवा, त्याच डायलिसिसमधला (पडद्यातून द्रव बदलण्याच्या त्याच पायरीतला). मिठात थोडाही फरक असेल तर वजाबाकी फसते.

किरणोत्साराची भीती वाटते.

सावधपणा योग्यच आहे. प्रयोगाची खोली शिशाने मढवलेली असते आणि आत कोणी नाही याची पाहणी करून दार बंद केल्याशिवाय झोत सुटत नाही. दार उघडलं की झोत आपोआप अडतो, आणि झोत बंद झाल्यावर स्फटिकात काही उरत नाही. माझ्या पाहण्यात तरी बीमलाइनवर खरी इजा होते ती द्रव नायट्रोजनने. चष्मा आणि हातमोजे घाला.

डेटा कोणाचा?

सार्वजनिक वेळेत घेतलेला डेटा ठरावीक काळ, अनेक ठिकाणी तीन वर्षं, तुमच्यापुरता असतो. नंतर तो खुला होतो. रचना प्रसिद्ध करताना ती प्रोटीन डेटा बँकेत जमा करणं नियतकालिकं सक्तीचं करतात. केंद्राच्या साठवणीतून मूळ चित्रं काही काळाने पुसली जाऊ शकतात, म्हणून स्वतःची प्रत परतण्यापूर्वी घ्या.

यंत्र मोठ्या दुरुस्तीसाठी बंद असेल तर?

नव्या चुंबकांची वलयं बसवायला वर्ष-दीड वर्ष यंत्र थांबतं. ईएसआरएफ असंच थांबून २०२० मध्ये नव्या रूपात सुरू झालं, आर्गोनचं २०२३ मध्ये थांबलं होतं. त्या काळात इतर केंद्रांवर गर्दी वाढते. तारखा खूप आधी जाहीर होतात, त्या पाहून प्रस्ताव दुसरीकडे द्या.

शिफ्टमध्ये एकही स्फटिक नीट विवर्तन देत नसेल तर काय करायचं?

आधी एखादा स्फटिक न गोठवता, खोलीच्या तापमानाला तपासता येतो का ते स्थानिक संपर्काला विचारा. तिथे ठिपके दिसले तर दोष गोठवण्यात आहे, प्रथिनात नाही, आणि पुढचे सहा महिने कुठे घालवायचे ते कळतं. तिथेही काही नसेल तर रचनेची मोकळी टोकं कापून नवं प्रथिन बनवणं, जोडीदार रेणू घालणं, आर्द्रता हळूहळू उतरवणं असे मार्ग आहेत, पण ते घरी परतून करायचे. उरलेले तास वापरणार नसाल तर लगेच नियंत्रण कक्षाला सांगा. प्रतीक्षेतल्या एखाद्या गटाचा पक बाजूच्या ड्यूअरमध्ये तयार असतो.